आवाज रांजणातून आल्यासारखा येतो, लाखाचा माईक घेऊ का?

पत्र:

सर, नमस्कार. मी सांगलीत राहतो, वय 31, पतसंस्थेत नोकरी करतो. लहानपणापासून पेटी वाजवतो, काळी एक या पट्टीत अभंग आणि भावगीतं गातो. दोन वर्षांपूर्वी घरीच रेकॉर्डिंग करायचं मनावर घेतलं. माईक लॅपटॉपला जोडणारा दोन चॅनेलचा ऑडिओ इंटरफेस, नऊ हजारांचा कंडेन्सर माईक, एक बंद हेडफोन आणि लॅपटॉप एवढी सामग्री आहे. खोली दहा बाय दहा, खाली फरशी, एका भिंतीला लोखंडी कपाट, खिडकी रस्त्यावर. पेटी आणि गळा दोन्ही एकाच माईकमध्ये यावेत म्हणून माईकपासून दोन फूट बसतो. काहीही केलं तरी आवाज रांजणात तोंड घालून गायल्यासारखा येतो. भिंतीला स्पंजचे काळे चौकोन चिकटवले, फरक पडला नाही. लाखाच्या वरचा एक जर्मन माईक पाहून ठेवला आहे. चाळीस हजार साठवलेत, उरलेले हप्त्याने फेडीन म्हणतो. घरून विरोध आहे. बिली आयलिशने बेडरूममध्ये अल्बम करून ग्रॅमी मिळवलं, मग आपल्याला का जमू नये? सूर दुरुस्त करायचं सॉफ्टवेअरही घ्यावं का? सोबत एक अभंग आणि खोलीचा फोटो पाठवत आहे. ता. क. आजी 84 वर्षांची आहे, तासगावकडच्या आमच्या गावी असते. तिला जात्यावरच्या शेकडो ओव्या येतात. मोठा माईक आला की दिवाळीत तिला सांगलीला आणून सगळ्या रेकॉर्ड करायचा विचार आहे.

उत्तर:

माईक घेऊ नका. या वर्षी तर नकोच, आणि हप्त्यावर कधीच नको.

तुमचा अभंग मी चार वेळा ऐकला. पहिल्यांदा रेकॉर्डिंग तपासायला बसलो होतो आणि धृपद संपेपर्यंत ते विसरूनच गेलो. गळा तयार आहे, शब्द स्वच्छ आहेत, कुठे उगाच ताना घेण्याचा मोह नाही. दुसऱ्यांदा कामाच्या कानाने ऐकलं. दुसऱ्या कडव्यात तुम्ही मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात उतरता, तिथे धैवताच्या आसपास आवाज एकदम फुगतो आणि निषादावर आलात की पुन्हा जागेवर बसतो. वरच्या सुरांवर प्रत्येक शब्दामागे पत्र्यासारखी पातळ किणकिण आहे. पेटी लांबून येते आणि तुम्ही तिच्याही मागे बसल्यासारखे वाटता. यातला एकही दोष माईकचा नाही.

नाचता येईना अंगण वाकडं, असं आपण म्हणतो. तुम्हाला नाचता येतं. अंगण खरोखरच वाकडं आहे.

धैवत का फुगतो ते आधी सांगतो, कारण हे एकदा कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं. दहा फूट म्हणजे 3.05 मीटर. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये अर्धी लहर नेमकी मावते ती 56 हर्ट्‌झला आणि पूर्ण लहर मावते ती 112 हर्ट्‌झला. अशा सुरांना खोली स्वतःच साथ देते, ते वाढतात आणि लवकर विझत नाहीत. आता काळी एकचा हिशेब करा. तुमचा मध्य सा आहे 139 हर्ट्‌झच्या जवळ. त्याखालचा कोमल धैवत 110 आणि शुद्ध धैवत साडे 116. खोलीचा 112 बरोबर त्या दोघांच्या मध्ये येऊन बसतो. त्यात तुमची खोली चौरस, म्हणजे भिंतींच्या दोन्ही जोड्या त्याच एका सुराला हात देतात. आणि या लहरीचा जोर भिंतींपाशी असतो तसाच खोलीच्या बरोब्बर मधोमध असतो. फोटोत तुमची सतरंजी कुठे आहे पाहा. मधोमध, पंख्याच्या खाली.

लाखाचा माईक या खोलीत आणला तर तो हा फुगवटा जास्त इमानाने टिपेल, दुसरं काही होणार नाही.

तेव्हा पहिलं काम फुकटचं आहे. सतरंजी उचला आणि कुठल्याही एका भिंतीपासून अडीच-तीन फुटांवर घाला, बाजूच्या दोन भिंतींपासूनची अंतरं सारखी ठेवू नका. मंद्र सप्तकात सा, नी, ध, प असे सावकाश उतरत या, रेकॉर्ड करा आणि ऐका. मग फूटभर सरका आणि पुन्हा तेच करा. तासाभरात अशी एक जागा सापडेल जिथे चारही सूर सारख्या वजनाने येतात. तिथे खडूने खूण करून ठेवा.

स्पंजने फरक का पडला नाही तेही इथेच कळेल. 112 हर्ट्‌झची लहर तीन मीटर लांब असते. इंचभर स्पंजाच्या ती लक्षातही येत नाही. स्पंज फक्त वरचे, तीक्ष्ण सूर खातो. म्हणून तुमच्या आवाजातली चमक गेली आणि घुमणं तसंच राहिलं. चौकोन काढून टाका. अंड्यांचे ट्रे लावायचा सल्लाही कुणीतरी देईलच. त्यांचा उपयोग याहून कमी आणि आग लागली तर ते कागदासारखे पेटतात.

पत्र्यासारखी किणकिण मात्र सोपी आहे. उघड्या समांतर भिंती आणि फरशी यांच्यामध्ये आवाज चेंडूसारखा जातो-येतो, त्याची ती किणकिण. खोलीत उभे राहून एक टाळी वाजवा, 'टर्रर्र' असं शेपूट ऐकू येईल. फरशीवर जाड जाजम हवं, कपाटाच्या दारावर चादर. आणि गोधडी टांगा, जुनी, जड, चार-पाच लुगड्यांची. फक्त ती टांगायची कुठे हे नीट ऐका, कारण इथे बहुतेक जण चुकतात. तुमचा माईक समोरचं ऐकतो, पाठीमागचं फारसं ऐकत नाही. त्याच्या समोर तुम्ही आहात, आणि तुमच्या मागे भिंत आहे. म्हणजे माईक तुमच्याबरोबर त्या भिंतीलाही ऐकतो. गोधडी तुमच्या पाठीमागे हवी, भिंतीपासून वीतभर सोडून. माईकच्या पाठीला लावायची अर्धगोल ढाल बाजारात मिळते, तिच्यावर पैसे घालण्याआधी ही एक गोधडी टांगून पाहा.

गोधडी खर्जाला पुरी पडणार नाही. त्यासाठी चार पॅनल करून घ्या. दोन फूट बाय चार फुटांची लाकडी चौकट, चार इंच खोल, आत 48 घनतेचे (घनमीटरला 48 किलो) रॉकवूलचे, म्हणजे खनिज लोकरीचे स्लॅब, वरून मांजरपाट घट्ट ताणून. रॉकवूल तुम्हाला एसीचं डक्टिंग किंवा फॉल्स सीलिंग करणाऱ्यांकडे मिळेल, गाण्याच्या दुकानात शोधू नका. दोन पॅनल मागच्या कोपऱ्यांत तिरपे उभे करा, दोन तुमच्या डाव्या-उजव्या भिंतींना, भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे. रॉकवूल कापताना नाकाला फडकं, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे लागतातच, त्याचे तंतू अंगाला फार खाजतात. सुताराच्या मजुरीसकट हे तुमच्या चाळीस हजारांतल्या लहानशा भागात बसेल. खोली बदलली तर उचलून नेता येईल.

पॅनलने रस्त्यावरचा ट्रक थांबत नाही. दोन गोष्टींची लोक नेहमी गल्लत करतात. पॅनल खोलीतला आवाज शोषतं. बाहेरचा आवाज अडवायला जड भिंती आणि हवाबंद दारं-खिडक्या लागतात, आणि ते राहत्या घरात कुणी करायला जाऊ नये. त्यापेक्षा वेळ निवडा. तुमच्या अभंगात 1 मिनिट 10 सेकंदांवर जो ट्रक येतो, तो पहाटे साडेचारला येणार नाही. पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिज बंद करताना गाडीची किल्ली आत ठेवायची, म्हणजे सकाळी कामाला निघताना तो पुन्हा चालू करायचं विसरणं शक्यच नाही. ही युक्ती मला एका जुन्या रेकॉर्डिस्टने शिकवली आणि आजवर घरातलं दूध कधी नासलं नाही. लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवा. तुमच्या ट्रॅकखाली जी बारीक गुणगुण आहे ती बहुतेक त्यातूनच येते.

आता अंतर. पत्रात तुम्ही माईकपासून दोन फूट बसता असं लिहिलं आहे, पेटी आणि गळा दोन्ही एकाच माईकमध्ये यावेत म्हणून. उघड्या खोलीत दोन फूट म्हणजे फार झालं. अंतर निम्मं केलं की तुमचा थेट आवाज 6 डेसिबलने वाढतो आणि खोलीचा प्रतिसाद जवळपास तेवढाच राहतो. दोन फुटांवरून अर्ध्या फुटावर आलात की 12 डेसिबलचा फायदा, एक पैसा न खर्चता.

1902 च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्यात गौहर जानचं गाणं टिपायला आला, तेव्हा खोली हॉटेलातली होती. माईक नव्हता, अँप्लिफायर नव्हता, विजेचा वापर करणारं रेकॉर्डिंग यायला 1925 उजाडायचं होतं. एक कर्णा, त्याच्या टोकाला सुई आणि सुईखाली मेणाची तबकडी. गेन वाढवायला बटण नाही, त्यामुळे गायकाचं तोंड कर्ण्यापासून किती लांब हीच काय ती लेव्हल. त्या काळी वरच्या सुरांना गायकाने मागे सरकायचं आणि खालच्या सुरांना पुढे यायचं, ही रीतच होती. तीन मिनिटांच्या गाण्याच्या शेवटी गौहर जान इंग्रजीत आपलं नाव सांगतात, कारण तबकड्या छापल्या जाणार होत्या जर्मनीत, हॅनोव्हरला, आणि तिथल्या माणसांना गायिका कोण ते कळायला हवं होतं. हे सगळं मी सांगतो ते त्यांनी तोंडाने आणि मानेने केलेल्या त्या मिक्सिंगसाठी. तुमच्याही हातात तेच सगळ्यात मोठं साधन आहे. टिपेचा सूर लावताना वीतभर मागे व्हा, कुजबुजीसारखी ओळ असेल तर चार बोटं पुढे या. दहा-बारा दिवसांत मान हे आपोआप करायला लागते.

फार जवळ गेलात की तुमच्यासारखे समोरचंच ऐकणारे माईक खर्ज वाढवून सांगतात, म्हणून वीतभर अंतर हे तुमच्यासाठी ठीक. आणि मराठीत 'भ', 'फ', 'ठ' यांची हवा जोरात सुटते, 'विठ्ठल' म्हणताना तर हमखास. माईक तोंडासमोर सरळ नको, थोडा बाजूला ठेवून ओठांकडे वळवा, म्हणजे हवा शेजारून निघून जाईल आणि शब्द तेवढा पोचेल.

पण मग पेटीचं काय? गळा आणि पेटी वेगवेगळी रेकॉर्ड करा असं सगळे सांगतील. मी सांगणार नाही. तुमचा भाता तुमच्या श्वासाबरोबर चालतो, हे तुमच्या टेकमध्ये स्पष्ट ऐकू येतं. ते तोडलं तर अभंग सुटा होईल. त्यापेक्षा तुमच्या इंटरफेसचं दुसरं चॅनेल दोन वर्षं रिकामं आहे, ते वापरा. खरेदीच करायची असेल तर एक साधा डायनॅमिक माईक घ्या. शुअरचा एसएम 58 हा 1966 पासून जगभरच्या मंचांवर आहे आणि तुम्ही भजनाच्या कार्यक्रमात तो अनेकदा हातात धरला असेल. तो गळ्याला, हनुवटीच्या उंचीवर, खालून ओठांकडे वळलेला. असा ठेवला की त्याची पाठ पेटीकडे येते आणि पेटी त्यात कमी शिरते. आत्ताचा कंडेन्सर पेटीला द्या, पट्ट्यांच्या बाजूने, दीड-दोन फूट वरून, भात्यापासून लांब. भात्याची फुसफुस आणि पट्ट्यांची टकटक थोडी येईल, येऊ द्या. पेटी म्हटल्यावर ती असतेच.

डायनॅमिक माईक खोली ऐकत नाही, असं तुम्हाला दुकानात सांगतील. ते अर्धंच खरं आहे. तो तोंडाजवळ धरायचा माईक असतो, आणि अंतर कमी झालं की खोली आपोआप मागे पडते. दोन फुटांवर ठेवलात तर तोही रांजण ऐकवेल.

लेव्हलबद्दल थोडक्यात: 24 बिटवर रेकॉर्ड करा आणि सगळ्यात मोठा सूर उणे 10 डेसिबलच्या आसपास राहील इतकाच गेन ठेवा. काटा लाल होईपर्यंत वाढवायची सवय कॅसेटच्या काळातली आहे, तेव्हा टेपच्या खरखरीवर मात करावी लागायची. आता तशी गरज उरलेली नाही.

तानपुरा हेडफोनमध्ये घ्या, तोही एका कानातच. दोन्ही कान झाकले की भलेभले गायक अर्ध्या श्रुतीने चढतात किंवा उतरतात, कारण स्वतःचा आवाज खोलीतून परत येत नाही. ज्या बाजूचा कप कानावरून सरकवाल त्या बाजूचा आवाज सॉफ्टवेअरमधून बंद करा, नाहीतर तानपुरा त्यातून गळून गळ्याच्या ट्रॅकमध्ये उतरेल. तुम्ही मिरजेपासून हाकेच्या अंतरावर आहात. तिथल्या तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कधीतरी एखाद्या सुट्टीच्या दिवशी तिथल्या कारागिराकडे बसून खरा तानपुरा जवारी काढताना ऐका. घोडीवर तारेखाली दोरा केसभर सरकवला की एकाच तारेतून सुरांचा पिसारा कसा उघडतो ते डोळ्यांदेखत ऐकू येतं. माईक निवडण्यासाठी कान तयार करायचे असतील तर मला याहून चांगली शाळा ठाऊक नाही.

सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर नको. ही कल्पना 1997 मध्ये ऑटो-ट्यूनने बाजारात आणली आणि ती सप्तकातल्या बारा सुरांच्या ठरावीक खणांवर बेतलेली आहे. तुमची मींड दोन खणांच्या मधून जाते, तिथेच ते यंत्र तिला धरून जवळच्या खणात बसवायला बघतं. एखादा सूर हाताने दुरुस्त करता येतो हे खरं, पण तुमच्या गाण्यात मला तशी जागा सापडली नाही. एखादी ओळ घसरली तर ती ओळ पुन्हा गा. घरच्या स्टुडिओचा सगळ्यात मोठा फायदा हाच की इथे तासाचं भाडं चढत नाही.

आता बिली आयलिश. तुम्ही म्हणता ते खरं आहे. 2019 चा तो अल्बम तिने आणि तिचा भाऊ फिनियस यांनी लॉस एंजेलिसमध्ये आईवडिलांच्या घरातल्या त्याच्या बेडरूममध्ये केला आणि 2020 मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं. पण गोष्ट सांगताना एक भाग गळतो. गाणी बेडरूममध्ये रेकॉर्ड झाली, मिक्सिंग मात्र रॉब किनेल्स्की या अनुभवी इंजिनिअरने केलं आणि मास्टरिंग आणखी एकाने. मला यातून तुमच्यासाठी एक वाट दिसते. गाणं घरी रेकॉर्ड करा, निवांत, पहाटे, हवे तितके टेक घेऊन. मिक्सिंग दुसऱ्याच्या कानांना द्या. सांगली-कोल्हापूर-पुण्यात हे काम मनापासून करणारे तरुण आहेत. चाळीस हजारांतून पॅनल आणि माईक वजा जाता जे उरेल त्यात तुमच्या पहिल्या काही अभंगांचं मिक्सिंग होऊन जाईल, आणि त्यांच्या शेजारी बसून पाहाल तर शिकालही.

हप्त्याबद्दल इतकं कळकळीने सांगतो कारण गेली वीस-बावीस वर्षं मी या कामात आहे आणि हौशी कलाकारांना सामानाच्या मागे धावताना जवळून पाहिलं आहे. नवा खोका उघडला की आठवडाभर उत्साह असतो. मग आवाज तसाच येतो, कारण खोली तीच असते. आपलं काहीतरी चुकतंय असं वाटून माणूस पुढचा खोका शोधायला लागतो. रात्री गायचं सोडून तुलना बघत बसतो. ज्यांच्या तुलना बघतो ते बसलेले असतात पॅनल लावलेल्या खोलीत, त्यामुळे त्यांच्याकडे प्रत्येक माईक चांगला वाजतो. दर महिन्याला हप्ता जायला लागला की गाण्याकडे बघण्याची नजर बदलते, त्यातून पैसे निघाले पाहिजेत असं मन म्हणायला लागतं. तुमच्या घरच्यांचा विरोध मला गाण्याला वाटत नाही, हप्त्याला वाटतो. पॅनल आणि गोधडीचं त्यांना सांगून पाहा.

आणि आता ता. क. खरं तर उत्तराची सुरुवात मी याच ओळीपासून करणार होतो.

आजींना दिवाळीत सांगलीला आणू नका. तुम्हीच गावी जा, आणि याच रविवारी जा. माईक न नेता.

मी एकदा नेमकं तुमच्या मनात आहे तेच केलं आहे. माझ्या आत्याला ओव्या यायच्या. मी तेव्हा पुण्यात एका स्टुडिओत कामाला होतो. सुट्टीच्या दिवशी तिला तिथे घेऊन आलो, उत्तम माईक लावला, काचेमागे बसलो. ती खुर्चीवर अवघडून बसली, हेडफोन पदरावरून नीट बसेना. दोन ओव्या म्हणून ती थांबली आणि काचेतून माझ्याकडे बघत म्हणाली, "इथं कुणाला म्हणून दाखवू रे?" पुढची ओळ तिला आठवेना. एरवी एकामागून एक शंभर म्हणायची ती. घरी गेल्यावर माझ्या लक्षात आलं की म्हणताना तिचा उजवा हात मांडीवर गोल फिरायचा. स्टुडिओत तो हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट धरलेला होता. ओव्या तिच्या हातात होत्या आणि हात मीच बांधून ठेवला होता. त्या दिवसाचं रेकॉर्डिंग अतिशय स्वच्छ आहे आणि आमच्या घरात ते कुणीही ऐकत नाही. ऐकतात ती माझ्या चुलतभावाने स्वयंपाकघरात साध्या टेपवर भरलेली कॅसेट. तिच्यात मागे कुकरची शिट्टी आहे.

हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या, त्यांतल्या अनेक आज पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया या संकेतस्थळावर वाचता येतात आणि कित्येक ऐकताही येतात. जाण्याआधी तासभर ऐका. मागे कोंबड्या आहेत, पोरं आहेत, भांडी आहेत. ओवी तरीही थेट काळजात उतरते, कारण म्हणणारी बाई आपल्या जागी बसलेली आहे.

तुमचा फोन पुरेसा आहे. विमान मोडवर टाका. रेकॉर्डिंगचं असं ॲप घ्या जे वेव्ह (.wav) फाइल करतं आणि स्वतःहून आवाज कमी-जास्त करत नाही. फोन घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा, आजींच्या तोंडापासून हातभर लांब, जमिनीवर नको, पाटावर किंवा डब्यावर. जातं अजून घरात असेल तर ते मांडा आणि मूठभर ज्वारी घाला. जात्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये येईल, ती यायलाच हवी, ओवीचा ताल तिच्यातच आहे. आजींना दळणं झेपत नसेल तर दुसऱ्या कुणी दळावं आणि त्यांनी नुसता खुंट्यावर हात ठेवावा. शेजारची एखादी त्यांच्या वयाची बाई बोलावता आली तर फारच चांगलं, एकीची ओवी दुसरीला पुढची आठवण करून देते.

सुरुवातीला तुमच्या आवाजात तारीख, गाव, आजींचं नाव, त्यांचं माहेर आणि ही ओवी त्या कुणाकडून शिकल्या ते विचारून घ्या. त्यांना हेही विचारा की हे बाहेर कुणाला ऐकवलं तर चालेल का. कितीतरी ओव्यांमध्ये सासर असतं, दीर-नणंदा असतात, नावानिशी असतात, आणि त्यांची लेकरं त्याच गल्लीत राहत असतात. त्या नको म्हणाल्या तर ती फाइल घरातच राहू द्या. परत आल्यावर मूळ फाइलला हात लावू नका, खरखर काढणं वगैरे करायचं ते नकलेवर. दोन नकला दोन वेगळ्या जागी ठेवा, एक सांगलीत आणि एक दुसऱ्या कुणा नातेवाइकाच्या घरी.

आणि ओवी संपली म्हणून लगेच रेकॉर्डिंग थांबवायला जाऊ नका. आजी गप्प झाल्या तरी फोनकडे बघू नका, "झालं का?" असंही विचारू नका. जातं फिरत असेल तर फिरू द्या. माझ्या आत्याच्या त्या कॅसेटमध्ये दोन ओव्यांच्या मध्ये कधी कधी अर्धा-अर्धा मिनिट नुसती घरघर आहे, आणि मग तिला पुढची आठवते.